चिखलातले पाय आणि त्वचेची प्रथिने

धानाचा रोवणा सुरू झाला की चंद्रपूर जिल्ह्यातील सावली तालुक्यात, विशेषतः आसोलामेंढा तलावाच्या पाण्यावर भिजणाऱ्या बांध्यांमध्ये, मजूर स्त्री-पुरुष दिवसदिवस चिखलात उभे राहून पऱ्हे लावतात, आणि त्यांच्या पायांच्या बोटांमधील कातडी पांढरी पडून फाटते, तिला चिखल्या म्हणतात. चिखलात असंख्य जिवाणू असूनही यांतील बहुतेक पाय सडत नाहीत, याचे श्रेय त्वचेच्या कठीण बाह्य थराला देता येत नाही, कारण तो तर फाटलेलाच असतो.

हे श्रेय बऱ्याच अंशी त्वचेच्या पेशी स्वतः तयार करीत असलेल्या जंतुनाशक प्रथिनांचे आहे. ही प्रथिने आकाराने लहान असून बहुतेकांवर धन विद्युतभार असतो. जिवाणूंच्या बाह्य आवरणावर ऋण भार असल्याने ती त्याकडे ओढली जातात आणि आवरणाला छिद्रे पाडतात. मानवी पेशींच्या आवरणाचा बाहेरचा पदर मात्र जवळजवळ भाररहित असतो व आवरणात कोलेस्टेरॉलही असते, म्हणून या पेशींना सहसा इजा होत नाही.

या प्रथिनांचे महत्त्व एका त्वचारोगामुळे ठळक झाले. सोरायसिसमध्ये त्वचा लालसर होऊन तिच्या खपल्या निघतात, तरीही रुग्णाला जिवाणूसंसर्ग अपेक्षेपेक्षा कमी होतो; जर्मनीतील कील येथील संशोधकांनी याच खपल्यांतून एक जंतुनाशक प्रथिन वेगळे केले आणि १९९७ साली जाहीर केले. ‘बीटा-डिफेन्सिन २’ हे त्याचे नाव असून जिवाणूंची चाहूल लागली की त्वचेच्या पेशी त्याचे उत्पादन वाढवितात. याउलट अ‍ॅटोपिक इसबाच्या त्वचेत हे प्रथिन आणि ३७ अमिनो आम्लांचे ‘एलएल-३७’ सोरायसिसच्या तुलनेत कमी आढळतात, असे २००२ साली दिसून आले. अशा त्वचेत स्टॅफिलोकोकस जिवाणू वारंवार का ठाण मांडतात, याचे एक कारण त्यातून मिळते. टुबिंगेन येथे २००१ साली सापडलेले डर्मसिडिन तर घामग्रंथींतून घामाबरोबर सतत स्रवत असते, त्याला संसर्गाची वाट पाहावी लागत नाही.

ही तटबंदी अभेद्य नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू एलएल-३७ चे तुकडे करणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडविणारी प्रथिने, सोडतो. शिवाय पाण्यात सतत बुडालेल्या पायावर घामातून आलेले संरक्षण धुऊन जाणे स्वाभाविक आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत ही गोष्ट विशेष गंभीर ठरते. क्युलेक्स डासांमार्फत पसरणाऱ्या या रोगाच्या कृमींमुळे लसीकावाहिन्या, म्हणजे ऊतींतील द्रव वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या, निकामी होतात. मग बोटांमधील भेगांतून शिरलेले जिवाणू सुजलेल्या पायात टिकून राहतात, ताप व तीव्र वेदनांचे झटके येतात आणि प्रत्येक झटक्यानंतर सूज वाढत जाते. त्वचेच्या प्रथिनांना येथे बाहेरून साहाय्य लागते, आणि ते महागडे नाही: साधा साबण व स्वच्छ पाण्याने पाय रोज धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवल्यास हे झटके कमी होतात.

म्हणून रोवण्याच्या दिवसांत घरी परतताच पाय धुऊन पुसावेत, चिखल्यांवर दुकानदाराच्या सल्ल्याने स्टेरॉइडयुक्त मलम लावू नये, आणि पायाला सूज व ताप एकत्र दिसल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.