उभय आणि सर्व

शाळेच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात जास्वंदीच्या फुलाला उभयलिंगी म्हटलेले असते. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात नांदतात म्हणून ते उभयलिंगी. भोपळ्याचे तसे नाही. वेल एकच, पण नरफूल निराळे आणि मादीफूल निराळे. इंग्रजीतला ‘बायसेक्शुअल’ हा शब्दही मूळचा याच बागेतला. तो माणसाच्या आकर्षणाला लावला जाऊ लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. क्राफ्ट-एबिंग या मानसचिकित्सकाचा लैंगिक वर्तनावरील ग्रंथ १८८६ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला. १८९२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले, त्यात हा शब्द नव्या अर्थाने आढळतो. पुढे अमेरिकेतील किन्से यांनी १९४८ साली पुरुषांच्या लैंगिक वर्तनाची मोठी पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी या शब्दावर आक्षेपच घेतला. ते मूळचे कीटकशास्त्रज्ञ. ज्याच्या शरीरात दोन्ही लिंगांची इंद्रिये आहेत त्याला उभयलिंगी म्हणावे. ज्याचे मन दोहोंकडे ओढ घेते त्याला तेच नाव का, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी शून्यापासून सहापर्यंतची एक पट्टी कल्पिली आणि मधल्या घरांत पुष्कळ माणसे बसतात हे दाखवून दिले. आक्षेप रास्त होता, पण शब्द काही हटला नाही.

दुसरा शब्द ‘पॅनसेक्शुअल’. ‘पॅन’ म्हणजे सर्व, अखिल. आपल्या अखिल भारतीय साहित्य संमेलनातला ‘अखिल’ तोच. या शब्दाचा जन्म तर टीकेतून झाला. मानवी जीवनातील झाडून साऱ्या गोष्टींच्या मुळाशी फ्रॉइडला कामप्रेरणाच दिसते, असा आरोप करताना त्याचे टीकाकार ‘पॅनसेक्शुअलिझम’ म्हणत. १९२० साली आपल्या एका पुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत फ्रॉइडने या आरोपाला उत्तरही दिले आहे. व्यक्तीच्या ओळखीसाठी हा शब्द सर्रास वापरात आला तो बऱ्याच नंतर, एकविसाव्या शतकाच्या आरंभी.

मग आज या दोहोंत फरक कोणता? लोक पटकन सांगतात की, उभयलैंगिकाला स्त्री आणि पुरुष दोघेही आवडतात, आणि सर्वलैंगिकाला त्यांखेरीज पारलिंगी व्यक्तीही आवडतात. हे उत्तर सोपे आहे, आणि आमच्या मते चुकीचे आहे. नुसते चुकीचे नव्हे, उपद्रवीही आहे. पारलिंगी स्त्री ही स्त्रीच आहे, असे आपण एकीकडे म्हणायचे आणि आवडीनिवडीचा हिशेब मांडताना तिच्यासाठी वेगळा रकाना आखायचा, यात तिचा अवमान होतो. शिवाय, उभयलैंगिक माणूस मनाने कोता, त्याला तिसरे कोणी दिसतच नाही, असा नाहक ठपका त्याच्यावर येतो. अमेरिकेतील उभयलैंगिक कार्यकर्त्यांनी १९९० साली एक जाहीरनामा काढला होता. लिंगे दोनच आहेत असे आम्ही मानतो, असे कृपा करून समजू नका, असा त्याचा आशय होता. म्हणजे ‘पॅन’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी ‘बाय’वाल्यांनी हा खुलासा केलेला होता.

यावर व्युत्पत्तीचा दाखला देणारे भेटतात. ‘बाय’ म्हणजे दोन, मग तीन कसे? त्यांना आम्ही तेलाची आठवण देतो. तेल म्हणजे तिळाचे. पण आज आपण शेंगदाण्याचे तेल म्हणतो, मोहरीचे म्हणतो, आणि कोणाची जीभ अडखळत नाही. शब्द जन्मला कोठे आणि आज त्याचा संसार कोठे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत मात्र एक अडचण अधिक आहे, हे कबूल केले पाहिजे. ‘बाय’ला आपण ‘उभय’ म्हटले, आणि ‘उभय’ म्हणजे नुसते दोन नव्हे, तर दोन्ही, दोहोंपलीकडे काही नाही असे दोन्ही. मुळात जी फट होती ती भाषांतराने बुजवून टाकली. त्यामुळे मराठी वाचकाला हा गैरसमज अधिक सहज होतो.

आता खरा फरक. उभयलैंगिक म्हणवणारा साधारणतः असे सांगतो की, मला एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींविषयी ओढ वाटते. ती सारख्याच प्रमाणात असेल असे नाही, एकाच वेळी असेल असे नाही, एकाच तऱ्हेची असेल असेही नाही. त्याच्या ओढीत समोरच्याचे लिंग हा जमेचा भाग असू शकतो. सर्वलैंगिक म्हणवणारा बहुधा सांगतो की, समोरचा माणूस कोणत्या लिंगाचा, हा प्रश्न माझ्या ओढीत येतच नाही. एकाला रंग दिसतात आणि अनेक रंग आवडतात. दुसऱ्याच्या आवडीत रंगाचा हिशेबच नाही. पण हीही काटेकोर व्याख्या नव्हे. अनेकांना दोन्ही वर्णने लागू पडतात, आणि काही जण दोन्ही नावे आलटून पालटून वापरतात. घरी समजावून सांगायला जुना शब्द सोपा पडतो म्हणून एक, मित्रांत दुसरा. आम्हांला यात काही वावगे दिसत नाही. ज्याचे मन त्याला ठाऊक. नाव निवडण्याचा अधिकार त्याचाच. ‘सर्व’ या शब्दावरून कोणीही चालते असा अर्थ काढणाऱ्यांविषयी काय बोलावे? सर्व ऋतू आवडणारा मनुष्य बारा महिने पावसात उभा राहत नाही.

दोन्ही गटांचे दुखणे मात्र एकच आहे, आणि ते नावाच्या वादाहून मोठे आहे. त्यांचे कोणी खरे मानत नाही. मुलीने घरी सांगितले तर “हे वय जाईल” असे ऐकावे लागते, मित्रमंडळी म्हणतात, “एकदाचे काय ते ठरव.” तिने पुरुषाशी लग्न केले की “गेले बाई ते खूळ” म्हणून घर सुटकेचा निःश्वास टाकते, स्त्रीबरोबर राहू लागली की ती पहिल्यापासूनच समलिंगी होती, असे ठरते. तिचे मन होते तेथेच असते. ओढ, आचरण आणि ओळख या तीन गोष्टी निरनिराळ्या आहेत. जोडीदार पाहून त्या ओळखता येत नाहीत.

कायदाही जोडीदारच पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीय लिंगाला मान्यता दिली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाचा हक्क त्याने नाकारला. मात्र पारलिंगी स्त्रीचा पुरुषाशी आणि पारलिंगी पुरुषाचा स्त्रीशी विवाह प्रचलित कायद्यानुसार होऊ शकतो, असे स्पष्ट केले. म्हणजे त्याच मुलीने पुरुषाचा हात धरला, मग तो पारलिंगी का असेना, तर विवाह नोंदणी कार्यालयात तिचे नाव लागते, आणि स्त्रीचा धरला तर तेथला अर्जही तिच्या कामाचा नसतो.