लंडन, व्हाया उस्मानपुरा

लंडनला निघालेल्या माणसाला आपल्याकडे दोन गोष्टी फुकट मिळतात: सल्ले आणि लोणच्याच्या बरण्या. २०१९ च्या जूनमध्ये कंपनीने मला तीन आठवडे स्लाऊला पाठवायचं ठरवलं आणि उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी रांगच लागली. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, मादाम तुसाँ सोडू नकोस. टीम लीड म्हणाला, लंडन आय मस्ट! चुलत भावाला फुटबॉलची जर्सी हवी होती. बाबा मात्र काहीच बोलले नाहीत. बॅगेचं वजन करताना त्यांनी हळूच एक चिठ्ठी दिली. त्यांच्या टापटीप कारकुनी अक्षरात एक पत्ता होता: १०, किंग हेन्रीज रोड.

"जमलं तर त्या दाराचा एक फोटो काढ," एवढंच म्हणाले.

आता आधी एक खुलासा. स्लाऊ म्हणजे लंडन नव्हे. सोमवार ते शुक्रवार ते वाळूज एमआयडीसीचंच गोरं भावंडं वाटतं. तीच शेड, तेच फोर्कलिफ्ट, त्याच न संपणाऱ्या मीटिंगा. पण ट्रेन पकडली की अर्ध्या तासाच्या आत तुम्ही पॅडिंग्टनला. (२०२२ मध्ये एलिझाबेथ लाइन सुरू झाल्यापासून तर गाडी न बदलता थेट शहराच्या पोटातून पलीकडे जाता येतं.) माझ्या हातात तीन वीकेंड होते, म्हणजे सहा दिवस. आणि खिशात कंपनीचा भत्ता. पौंड तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास होता. आता शंभरी कधीच पार केलीय, त्यामुळे खालचं सगळं अजून काटकसरीने वाचा!

पहिला वीकेंड सगळ्यांच्या यादीला दिला आणि पोपट झाला. बिग बेनची डागडुजी २०१७ ते २०२२ अशी पाच वर्षं चालली. मी गेले तेव्हा जवळजवळ अख्खा मनोरा परांचीत गुंडाळलेला! लंडन आयच्या तिकिटाला नव्वदने गुणलं आणि शांतपणे पुढे चालू लागले. हेच बरं झालं म्हणायचं. कारण नदीच्या दक्षिण काठाने वेस्टमिन्स्टर ब्रिजपासून टॉवर ब्रिजपर्यंत नुसतं चालत जायला एक पैसा पडत नाही. वाटेत वॉटर्लू ब्रिजखाली जुन्या पुस्तकांचा बाजार लागतो. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे घाई नाही. पाय दुखले की लाल बस घ्यायची, वरचा मजला, पुढची सीट. फक्त सुट्टे पैसे काढून उभे राहू नका. बसमध्ये रोख २०१४ पासूनच चालत नाही, कार्ड टेकवायचं. दिवसभरात कितीही फिरा, ठरावीक रकमेच्या वर पैसे कापत नाहीत. ही सोय आपल्या सिटी बसला कधी येणार?

दुसऱ्या शनिवारी चिठ्ठी बाहेर काढली. आणि या लेखातली माझी सगळ्यात लाडकी टिप हीच आहे, कात्रण काढून ठेवा.

पॅडिंग्टनहून चालत दहा मिनिटांवर लिटल व्हेनिस नावाची जागा आहे. कालवा, त्यात रंगीत लांबोळक्या होड्या, होड्यांवर कुंड्या. तिथेच १०, हॉली प्लेस या घरावर निळी पाटी आहे: लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहत होते. व्हॅलेंटाइन चिरोलवर केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी ते लंडनला आले होते. खटला हरले. दुसऱ्याच्या गल्लीत केस लढवायची म्हणजे काय, हे त्या शांत, श्रीमंत रस्त्यावर उभं राहिलं की जरा कळतं.

तिथून रीजंट्स कॅनॉल धरायचा. मध्ये एका बोगद्यापाशी वाट वर रस्त्यावर येते, थोडं पुढे जाऊन जिना उतरला की पुन्हा पाणी. एका बाजूला राजवाड्यासारखे बंगले, पुढे प्राणिसंग्रहालय. मग कालवा सोडून प्रिमरोझ हिलची टेकडी चढायची. वरून अख्खं लंडन दिसतं, तेही फुकट (लंडन आयवाल्यांनी कृपया हे वाचू नये). टेकडीच्या मागच्या अंगाने उतरलं की किंग हेन्रीज रोड. रमतगमत दीड-दोन तास.

अंतर तसं चार-पाच किलोमीटरचं. पण चालताना राहून राहून एक गोष्ट डोक्यात येत होती. १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं, तेव्हा 'केसरी'ने त्याची पैसे देऊन दिलेली जाहिरातही छापली नव्हती. टिळक तेव्हा हयात होते. लंडनमध्ये मात्र दोघांच्या घरांमध्ये एक कालवा आणि एक टेकडी, बस्स.

१० नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले. त्याआधी एकदा शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत जावं लागलं होतं. मग मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत, मित्राकडून कर्ज, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. तेव्हा वय एकोणतीस. आपल्या ऑफिसातल्या कुठल्याही सीनियर एक्झिक्युटिव्हएवढं! लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. १९२१ मध्ये, डी.एस्सी. १९२३ मध्ये, आणि सोबत ग्रेज इनमधून बॅरिस्टरी. मी वीकेंडला फिरते म्हणून स्वतःला बिझी समजत होते.

महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेऊन स्मारक केलं. मी गेले तेव्हा तिथल्या स्थानिक कौन्सिलशी वाद चालू होता, निवासी गल्लीत म्युझियम कशाला म्हणून. पुढे मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. मला हे तेव्हा काही ठाऊक नव्हतं. मी आपला दाराचा फोटो काढला आणि बाबांना पाठवला. घरी संध्याकाळ होती. लगेच फोन.

"दार बंद दिसतंय?"

"नाही बाबा, नुसतं लोटलंय. चालू आहे आत."

"मग बाहेर काय करायलीस? आत जा ना!"

व्हिडिओ कॉल लावून आत गेले. एकेक खोली, भिंतीवरचे फोटो, पुस्तकं. बाबा मध्ये मध्ये म्हणायचे, "मागं घे. थांब. वाचू दे." मी हात लांब करून उभी. तेवीस मिनिटं. बाबा जालना जिल्ह्यातल्या एका वस्तीवरून पेटी घेऊन नागसेनवनात आले होते, मिलिंद कॉलेजला. बाबासाहेबांनी १९५० मध्ये आपल्या शहरात काढलेलं कॉलेज. आमच्या घराण्यातले ते पहिले पदवीधर. कॉल संपताना म्हणाले, "जेवलीस का?" आणि ठेवला. आई नंतर म्हणाली, रात्री जेवलेच नाहीत नीट.

तिसऱ्या वीकेंडला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. साउथ केन्सिंग्टनला उतरा, जमिनीखालच्या बोळातून सरळ दारात. प्रवेश फुकट. टिपूचा वाघ बघितला, कपडे-दागिने बघून डोळे दिपले. पण मी शोधत होते अजिंठा. मुंबईच्या आर्ट स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ अजिंठ्याच्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या, त्या इथे आल्या. १८८५ मध्ये म्युझियममध्येच आग लागून बऱ्याच जळाल्या. उरलेल्यांतली एकही मला दिसेना. तिथल्या बाई म्हणाल्या, ठेवणीत आहेत, वेबसाइटवर बघा. म्हणून मधल्या अंगणात, लहान पोरं पाण्यात डुंबत असताना, लंडनच्या बाकावर बसून मी मोबाइलवर अजिंठा बघितला! घरापासून शंभर किलोमीटरवरची लेणी. शेवटची गेले होते सहावीच्या सहलीला, आणि लक्षात होती ती फक्त बसमधली अंताक्षरी.

दुसऱ्या दिवशी क्रिस्टल पॅलेस पार्क, व्हिक्टोरिया स्टेशनहून अर्धा तास. टुरिस्ट फारसे जात नाहीत, म्हणून तुम्ही जा. ग्रिफिथ्सच्याही आधी, १८४४ पासून, रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी अजिंठ्यात राहून वर्षानुवर्षं चित्रं उतरवत होता. ती इथल्या काचेच्या महालात मांडली होती. १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळी गेली. महाल पुढे १९३६ मध्ये अख्खाच जळाला. आता ओसाड पायऱ्या आहेत, दगडी स्फिंक्स आहेत, आणि खाली तळ्याकाठी १८५४ मधले सिमेंटचे डायनोसॉर, जे शास्त्रीयदृष्ट्या साफ चुकलेत आणि म्हणूनच फार गोड दिसतात. पायरीवर बसून डबा खाल्ला. काकूंचं लोणचं होतंच.

(विमान हिथ्रोहून असेल तर जाता जाता हाउन्सलोला उतरा. मुंबईच्या दोन मित्रांनी २०१० मध्ये सुरू केलेलं वडापावचं दुकान आहे. तीन आठवड्यांच्या सँडविचनंतर डोळ्यांत पाणी येतं, मिरचीमुळे असेल.)

परत आल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी बाबांना गाडीत घालून अजिंठ्याला निघाले. वार सोमवार. ट्यूबचा नकाशा पाठ असलेल्या मला अजिंठा सोमवारी बंद असतं हे माहीत नव्हतं! बाबा काही बोलले नाहीत, नुसते हसले. मग व्ह्यू पॉइंटवरून लेण्यांचा घोड्याच्या नालासारखा डोंगर बघितला, आणि येताना अजिंठा गावात थांबलो. तिथे पारोची कबर आहे, गिलच्या आयुष्यातली ती गावची मुलगी, १८५६ मध्ये गेली. ना. धों. महानोरांनी तिच्यावर लिहिलं, २०१२ मध्ये सिनेमाही आला. कबर अगदी साधी आहे. बाबांनी वाकून दगडावरचं कोरलेलं वाचायचा प्रयत्न केला, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फोटो काढ ना."

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो.