पोरं शाळेत, कुत्रं घरात

एप्रिल-मे हे दोन महिने घरातल्या कुत्र्याच्या चैनीचे. सकाळी उशिरापर्यंत पोरांच्या पायाशी लोळायचं, दुपारी पत्त्यांच्या डावावर येऊन बसायचं, कुणाचं लक्ष नाही असं बघून आंब्याची कोय पळवायची. (ती तोंडातून काढून घ्याच, आतड्यात अडकली तर थेट ऑपरेशन.) मग जूनच्या मध्यावर, विदर्भात उन्हापायी थोडं उशिरा, एका सकाळी दप्तराची चेन लागते, व्हॅनवाले काका हॉर्न देतात आणि दार बंद होतं. दाराच्या आत पुढचे पाच-सहा तास काय चालतं याबद्दल कुत्रा पाळणाऱ्यांची मतं ठाम असतात, न पाळणाऱ्या शेजाऱ्यांची त्याहून ठाम. त्यातली बरीच ऐकीव असतात.

‘बिचारा दिवसभर झुरत बसतो’ हे त्यातलं पहिलं. दारापाशी पडलेला कुत्रा पाहून आपल्याला गलबलून येतं खरं, पण प्रौढ कुत्रा दिवसाचे साधारण बारा ते चौदा तास झोपेत किंवा लोळण्यात घालवतो. सुट्टीत पोरांनी त्याला धड झोपू दिलेलं नसतं. शाळा सुरू झाल्यावर तो जे करतो त्यातलं बरंचसं म्हणजे थकलेली झोप वसूल करणं. झुरतोय की झोपतोय हे ठरवायला अंदाज कशाला हवा? घरातला जुना मोबाइल कपाटावर ठेवून रेकॉर्डिंग लावा. एकटेपणाचा खरा त्रास असलेला कुत्रा बहुतेक वेळा दार बंद झाल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच तो दाखवतो. सतत कण्हणं, लाळ गळणं, खोलीभर येरझारा, दाराची चौकट ओरबाडणं, शिकवलेला असूनही घरात शू करणं, ही त्याची लक्षणं. दहा मिनिटं दाराकडे बघून तो सोफ्याखाली जाऊन घोरायला लागला असेल, तर त्याला सांत्वनाची गरज नाही.

याच्या उलट टोकाला ‘कुत्र्याला वेळ कळतच नाही, पाच मिनिटं काय आणि पाच तास काय’ म्हणणारे असतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०११ साली घरात एकटं राहायची सवय असलेल्या बारा कुत्र्यांना कधी अर्धा तास, कधी दोन, कधी चार तास घरात ठेवून पाहिलं. दोन किंवा चार तासांनी मालक परतला तेव्हा कुत्र्यांनी केलेलं स्वागत अर्ध्या तासानंतरच्या स्वागतापेक्षा जास्त जोरदार होतं. घड्याळ नाही कळलं तरी कमी-जास्त त्यांना कळतं.

‘मुद्दाम केलं त्यानं, राग काढला’ हा समज मात्र नुसता चुकीचा नाही, तो कुत्र्याला महागात पडतो. आई दुपारी घरी येते, धाकटीचा कॅनव्हासचा बूट जमिनीवर फाडून पडलेला असतो आणि कुत्रा कान पाडून, नजर चुकवत कोपऱ्यात बसलेला. ‘बघा, चूक कळलीये त्याला!’ अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेनं नेमका हाच चेहरा तपासला. तिचा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. मालकानं खाऊ खायचा नाही असं बजावून खोलीबाहेर जायचं. मग कुत्र्यानं तो खाल्ला असो वा नसो, मालकाला काही वेळा खरं सांगायचं, काही वेळा खोटं. निष्कर्ष असा, की तो ‘अपराधी’ चेहरा गुन्ह्याशी जुळत नव्हता, मालकाच्या रागावण्याशी जुळत होता. काहीही न खाता ओरडा बसलेल्या कुत्र्यांमध्ये तर तो जास्तच दिसला. म्हणजे कोपऱ्यातला तो चेहरा तुमच्या चढलेल्या आवाजाला दिलेलं उत्तर असतो.

मग बूटच का? त्याला पोरीचा वास असतो म्हणून. अस्वस्थ किंवा नुसतं कंटाळलेलं कुत्रं ओळखीच्या वासाची वस्तू चघळतं. तीन तासांनंतर दिलेल्या फटक्याचा आणि बुटाचा संबंध त्याला लागत नाही. लागतो तो एवढाच, की माणसं घरी आली की मार बसतो. आधी एकटेपणाचं भय, आता परतण्याचंही. बूट कपाटात ठेवणं सोपं नाही का?

आता ज्या गैरसमजाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, तो. ‘पोरं शाळेत गेल्यापासून जेवत नाही, आठवण येते हो त्याला.’ असेलही. एखादा दिवस जेवणाकडे पाठ फिरवणारे कुत्रे असतात. पण शाळा आणि पाऊस आपल्याकडे एकदमच सुरू होतात, आणि दमट-उबदार हवेत गोचीड माजतात. बबेसिया, एर्लिकिया यांसारखे रोग त्यांच्यामार्फत पसरतात. आपण त्यांना सरसकट गोचीड ताप म्हणतो. मलूलपणा, अन्न न खाणं, एका जागी पडून राहणं ही त्याची सुरुवातीची लक्षणं आणि आपण ज्याला विरह समजतो तो, यांत वरवर काही फरक नाही. ‘आमचा तर फ्लॅटच्या बाहेरही जात नाही’ हेही उत्तर नव्हे. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे घर करते. म्हणून त्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. नेहमीच्या गुलाबी हिरड्या फिकट पडल्या असतील, लघवी गडद येत असेल, नाकातून रक्त आलं असेल, तर पोरांना व्हिडिओ कॉल लावून देत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. रक्त तपासून निदान होतं आणि वेळेवर औषध मिळालं तर बहुतेक कुत्री बरी होतात. पायाच्या बोटांमधल्या खाचा, कानांची आतली बाजू आणि पट्ट्याखालची मान रोज चाचपायची. हे काम शाळेतून आलेल्या मोठ्या मुलानं मोठ्यांच्या देखरेखीखाली करायला हरकत नाही.

‘सोबतीला दुसरं आणा’ हा सल्ला देणारे स्वतः सहसा एकही पाळत नाहीत. ज्याला माणसांवाचून करमत नाही त्याला कुत्रा देऊन भागतंच असं नाही. कधी एक भुंकणारा होता तिथे दोन होतात. ‘पिंजऱ्यात ठेवा म्हणजे नुकसान नाही’ हेही तसंच. पिंजऱ्याची सवय असलेलं कुत्रं त्यात निवांत झोपतं. घाबरलेलं मात्र गज चावून दात मोडून घेतं, नखं रक्ताळून घेतं.

‘निघताना त्याच्याकडे बघायचंही नाही’ असं प्रशिक्षक पुष्कळ वर्षं सांगत आलेत. इटलीत झालेल्या एका छोट्या, दहाच कुत्र्यांवरच्या प्रयोगात मात्र थोड्या वेळासाठी निघण्याआधी शांतपणे कुरवाळलेले कुत्रे मालक नसताना अधिक निवांत राहिले. दहा कुत्र्यांवरून नियम ठरत नाही, पण पोरांनी हात फिरवून जाण्यात पाप नाही हे नक्की. गळ्यात पडून रडारड नको, इतकंच.

खरी अडचण ही असते की दार बंद होण्याच्या कितीतरी आधी कुत्र्याला सगळं समजलेलं असतं. युनिफॉर्मला इस्त्री, बाटलीत पाणी, बूट, दप्तर, हा क्रम त्याला पाठ होतो आणि बाटली भरतानाच तो धापा टाकायला लागतो. यावर उपाय सुट्टी संपायच्या आठवडाभर आधी करायचा. दप्तर पाठीला लावून पोरांनी नुसतं टीव्ही बघत बसायचं. बूट घालून स्वयंपाकघरात फिरून यायचं. जिन्यापर्यंत जाऊन दोन मिनिटांत परत, मग पाच, मग पंधरा. शाळेच्या दिवसांत सकाळी निघण्याआधी वीस मिनिटं त्याला खाली न्या आणि ओढू नका, हुंगू द्या. नाकानं केलेल्या कामानं तो चांगला दमतो. निघताना जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याच्या खाण्याचे तुकडे लपवून टॉवेल गुंडाळून द्या. डब्यातलं उरलेलं मात्र नको. मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण यांपैकी कुठलीही वस्तू कुत्र्याला घातक आहे, आणि परतलेल्या दप्तरात हे सगळं असू शकतं. दप्तर खुंटीलाच टांगा.

आठवडाभरात घडी बसली नाही, रेकॉर्डिंगमध्ये लाळ आणि ओरबाडणं दिसतच राहिलं, तर ‘औषधानं गुंगीत ठेवतात’ या भीतीपोटी डॉक्टर टाळू नका. विलग होण्याच्या भीतीवर कुत्र्यांसाठी क्लोमिप्रामीनला अमेरिकेत १९९८ पासून, फ्लुऑक्सेटीनला २००७ पासून मान्यता आहे. ही गुंगीची औषधं नव्हेत. भीती इतकी खाली आणतात की वरचा सराव कुत्र्याच्या पचनी पडतो. घरातल्या माणसाची गोळी अर्धी करून देणं मात्र साफ चूक.

तोवर सोसायटीत तक्रार गेलीच, तर दोन गोष्टी माहीत असाव्यात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भुंकण्याच्या कारणावरून सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही. त्याच सूचना मालकांनाही सांगतात की शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून प्रयत्न करा. खालच्या मजल्यावरच्या आजींना आपणहून जाऊन ‘जरा दिवस द्या, सवय करतोय’ असं सांगितलं तर सेक्रेटरीपर्यंत प्रकरण सहसा जात नाही.

आणि दिवाळीच्या सुट्टीत हीच मेहनत पाण्यात जाऊ द्यायची नसेल, तर सुट्टीतही रोज अर्धा-पाऊण तास सगळ्यांनी मिळून घराबाहेर पडा. फटाक्यांच्या वेळी तेवढं नको.