पोकेमॉनच्या खेळातला शेवटचा गडी



गुरुजींनी या वेळी भित्तिपत्रकासाठी सांगितले, "निबंधाच्या पुस्तकातले उतरवून आणू नका. जे तुम्हांला खरोखर ठाऊक आहे तेच समजावून लिहा." कोणी मधमाश्यांवर लिहिले, कोणी ठिबकच्या नळ्यांवर लिहिले. मला पोकेमॉनचा खेळ ठाऊक आहे. आई म्हणाली, "शाळेच्या भिंतीवर खेळाचं काय लिहितोस?" पण या लेखात आपल्या कबड्डीचीही एक गोष्ट आहे. ती शेवटी येईल. म्हणून कृपया लेख अर्धा वाचून जाऊ नये.

आधी खेळ म्हणजे काय ते सांगतो.

पोकेमॉन म्हणजे पॉकेट मॉन्स्टर, खिशात मावणारे अजब प्राणी. हा खेळ जपान देशात तयार झाला. तो करणाऱ्या गृहस्थांचे नाव सातोशी ताजिरी. त्यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा फार नाद होता. आपण नाही का सोनकिडा धरून काडेपेटीत ठेवतो, तसेच. पुढे त्यांच्या भागात शेते आणि तळी जाऊन इमारती झाल्या आणि किडे मिळेनासे झाले. तेव्हा शहरातल्या मुलांनाही प्राणी शोधण्याची आणि एकमेकांना देण्याघेण्याची मजा मिळावी असे त्यांना वाटले. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी पहिले दोन खेळ निघाले, रेड आणि ग्रीन. त्यांत १५१ प्राणी होते. आता ते हजाराच्या वर गेले आहेत.

खेळात आपण एक मूल असतो. एक प्राणी घेऊन घर सोडायचे, रानात नवे प्राणी धरायचे, त्यांना तयार करायचे. लढताना सहाच प्राणी जवळ ठेवता येतात. प्रत्येकाची पातळी असते. पातळी म्हणजे इयत्ता समजा, फक्त ती १०० पर्यंत जाते. शिवाय प्रत्येकाची जात असते. पाणी आगीला विझवते, आग गवताला जाळते, गवत पाणी शोषून घेते. अशा १८ जाती आहेत. कोणावर कोणाची मात्रा चालते हे पाठ करावे लागते. मला १३ चा पाढा येत नव्हता, पण हे सगळे आठ दिवसांत पाठ झाले. (आता १३ चा पाढाही येतो.)

वडीलमंडळींना समजावे म्हणून जत्रेतला आखाडा आठवा. आधी रेवड्यांवर लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, मग नारळाच्या, मग रुपयांच्या, आणि सगळ्यांत शेवटी मोठ्या पैलवानाची. पोकेमॉनमध्ये बहुतेक वेळा आठ गावांत आठ तालमी असतात. प्रत्येक तालमीच्या वस्तादाला हरवले की एक बिल्ला मिळतो. आठ बिल्ले झाले की चार नामी गडी एकामागून एक लढतात. त्यांना हरवले की मग उरतो शेवटचा, अजिंक्यवीर. मध्ये दवाखान्यात जाता येत नाही. जवळ औषध असेल तेवढेच वापरायचे. पाचव्याशी हरलात तरी पुन्हा पहिल्यापासून!

या शेवटच्या गड्याविषयीच मला सांगायचे आहे. मला वाटले होते तो राक्षस असेल, काळे कपडे घालून मोठ्याने हसणारा. पण बहुतेक खेळांत तसे नाही.

पहिल्या खेळातला शेवटचा गडी म्हणजे आपल्या शेजारचाच मुलगा! त्याला ब्लू म्हणतात. तो प्राध्यापक ओक यांचा नातू. पहिल्या दिवशी आपण तीनपैकी एक प्राणी निवडतो, तर हा आपल्यावर मात्रा चालेल असाच दुसरा उचलतो. आपण आग घेतली की तो पाणी घेतो. वाटेत ठिकठिकाणी तो भेटतो आणि चिडवतो. आणि शेवटी चौघांना हरवून आपण आत जातो तर काय! अजिंक्यवीराच्या जागी हाच उभा. त्याचा पहिल्या दिवशीचा प्राणी आता ६५ व्या पातळीवर असतो. आपण जिंकलो की ओक आजोबा येतात. नातवाला वाटते, मी एवढा तयार असून हरलो कसा? आजोबा सर्वांसमोर सांगतात की तू आपल्या प्राण्यांना विश्वास आणि माया द्यायला विसरलास. मला हे वाचून त्या मुलाची दया आली. जिंकणाऱ्याचे कौतुक झाले ते ठीक, पण त्याला घरी जाऊन काय वाटले असेल?

दुसऱ्या वेळचे खेळ १९९९ मध्ये निघाले, गोल्ड आणि सिल्व्हर. त्यांत एक गंमत आहे. सोळा बिल्ले मिळवून सिल्व्हर पर्वतावर गेले की वर एक मुलगा एकटाच उभा असतो. तो रेड. म्हणजे पहिल्या खेळात आपणच जो मुलगा होतो, तो! त्याचा पिकाचू ८१ व्या पातळीचा असतो. रेड एक शब्दही बोलत नाही, नुसती टिंबे येतात. हरला तरी टिंबे, आणि मग तो दिसेनासा होतो. माझा मावसभाऊ म्हणतो की त्याला लहानपणी इथे अंगावर काटा आला होता, कारण आपले आपल्याशीच लढायचे.

पुढचे थोडक्यात सांगतो. २००२ च्या रुबी आणि सफायर खेळांत स्टीव्हन नावाचा माणूस आहे. त्याला दगड गोळा करण्याचा छंद आहे. २०१० च्या ब्लॅक आणि व्हाइट खेळांत एन नावाचा तरुण येतो. त्याला प्राण्यांचे बोलणे समजते. तो म्हणतो, प्राण्यांना माणसांपासून सोडवा. त्याला लहानपणापासून फक्त माणसांनी छळलेलेच प्राणी दाखवले होते. त्याला वाढवणारा गेट्सिस त्याला फसवत होता आणि खरी शेवटची लढाई त्या गेट्सिसशी होते. हा मात्र खरोखर वाईट आहे. २०१६ च्या सन आणि मून खेळांत हवाईसारखी बेटे आहेत आणि तिथे आधी कोणी अजिंक्यवीरच नसतो. आपण पहिले होतो. मग दुसरे लोक आपल्याला हरवायला येऊ लागतात. म्हणजे त्यांचा शेवटचा गडी आपणच! २०१९ च्या स्वोर्ड आणि शील्ड खेळांत लिऑन आहे. तो आपल्या मित्राचा मोठा भाऊ, आणि आपण हरवेपर्यंत कधी न हरलेला.

आता माझी गोष्ट.

मे महिन्याच्या सुट्टीत मी पुण्याला मावशीकडे राहिलो होतो. मावसभावाकडे त्याचे जुने खेळाचे यंत्र होते आणि त्यात २००६ चा पर्ल हा खेळ. इंग्रजी दादा वाचून दाखवायचा. त्यातली शेवटची खेळाडू सिंथिया नावाची बाई आहे. ती जुन्या काळच्या कथांचा आणि अवशेषांचा अभ्यास करते. ती दुष्ट अजिबात नाही. वाटेत ती आपल्याला मदत करते, झाडे तोडण्याची युक्ती देते, बदकांची डोकेदुखी थांबवायला औषध देते. आणि शेवटी तीच समोर उभी राहते. लढाई सुरू व्हायच्या आधी पेटीसारखे एक वाद्य वाजते, त्याला पियानो म्हणतात. तो वाजला की माझ्या हाताला घाम यायचा.

तिचे सहा प्राणी सहा तऱ्हेचे. पहिला स्पिरिटूम. हा भूत आणि अंधार या दोन जातींचा आहे. त्या खेळात कोणत्याच जातीची खास मात्रा त्याच्यावर चालत नाही. (२०१३ मध्ये परी ही नवी जात आली, तेव्हापासून चालते.) मग रोझरेड गुलाबाचा, मिलोटिक पाण्यातला लांब सापासारखा, आणि सगळ्यांत जबर गारचॉम्प, ६६ व्या पातळीचा. तो अजगर आणि जमीन अशा दोन जातींचा असतो. दोन्ही जातींना बर्फ सोसत नाही, म्हणून बर्फाचा मार त्याला चौपट लागतो.

माझ्याकडे इन्फर्नेप होता. हे आगीचे माकड. मी त्यालाच सगळ्या लढायांत पुढे केले होते. त्यामुळे तो ६४ व्या पातळीवर गेला आणि बाकीचे पाच चाळिशीतच राहिले. लढेल त्याचीच पातळी वाढते ना! तोपर्यंत काही अडले नाही. आठही वस्ताद त्याने लोळवले. मला वाटायचे, एकटा माकड बास आहे.

सिंथियाशी मी पाच वेळा लढलो आणि पाचही वेळा हरलो. माकडाने रोझरेडला जाळले. लुकारिओ पोलादी, तोही आगीने पडला. पण मिलोटिकने पाणी मारले आणि माकड गार! मग उरलेले पाच जण गारचॉम्पपुढे एकेका घावात गेले. त्यांत फ्लोटझेल नावाचे माझे पाणमांजर होते. त्याला बर्फाचा मारा शिकवता येत होता. पण मी त्याला कधी शिकवलेच नाही, कारण मी त्याला कधी पुढेच केले नव्हते.

मी रडायला लागलो तेव्हा दादा म्हणाला, "अरे, ती काही नवं विचारत नाहीये. तू रस्ताभर जे केलंस ना, त्याचीच परीक्षा घेतीये." मग मी पाणमांजराला तयार करायला घेतले. सहाव्या वेळी गारचॉम्प निम्म्याहून जास्त खचला, तरी मी हरलो. दुसऱ्या दिवशी बाबा न्यायला आले. सिंथिया अजून जिंकायची राहिली आहे.

आता कबड्डी. तुम्हां सर्वांना ठाऊक आहे की डिसेंबरात आपण केंद्राच्या सामन्यात हरलो. मी कर्णधार होतो. पहिल्या सामन्यात मी पाच गडी बाद केले, म्हणून पुढच्या सामन्यात प्रत्येक चढाईला मीच गेलो. तिसरीतला एक जण सारखा म्हणत होता, "मला जाऊ दे की एकदा." मी त्याला म्हणालो, "गप, तुला जमायचं नाही." समोरच्यांना कळले की हाच येणार. त्यांनी साखळी करून मला धरले, पुन्हा पुन्हा धरले. मी बाहेर बसलो तेव्हा आपल्याकडच्या कोणालाच चढाईची सवय नव्हती. नंतर मी टेम्पोमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो की तुमच्यामुळे हरलो. त्या दिवसापासून माझ्या पाटाशेजारी बसणारा मित्र माझ्याशी नीट बोलत नाही.

मला हे लगेच कळले नाही. दिवाळीला दादा आला होता तेव्हा त्याने मला एका वहीत सगळ्या खेळांची माहिती लिहून दिली होती. हा लेख लिहायला मी ती वही उघडली आणि त्यातला २०२२ चा स्कार्लेट आणि व्हायोलेट हा खेळ वाचला. त्यात चार मुले एका प्रचंड खड्ड्याच्या तळाशी जातात. तिथे एक शास्त्रज्ञ भेटतात. पण ते खरे नसतात. खरे शास्त्रज्ञ कधीच वारलेले असतात आणि हे त्यांच्यासारखे दिसणारे यंत्र असते. खऱ्या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या काळातले प्राणी आणणारे एक यंत्र केलेले असते. ते बंद केले नाही तर सगळीकडे नासधूस होईल, म्हणून हा यंत्रमाणूसच मुलांना सांगतो की ते बंद करा. पण त्याच्या आत असा हुकूम भरून ठेवलेला असतो की बंद करू द्यायचे नाही. त्यामुळे मनात नसताना त्याला लढावे लागते. शेवटी तो आपले सगळे प्राणी कुलूपबंद करून टाकतो. लढायला एकच उरतो. ज्याच्या पाठीवर बसून आपण खेळभर हिंडलो, तो. तो आधी मार खाल्लेला, भ्यालेला असतो. तो लढेल असे वाटलेले नसते. आणि तोच जिंकून देतो.

हे वाचताना मला तिसरीतल्या त्या मुलाचीच आठवण झाली. "मला जाऊ दे की एकदा." तेव्हा मला समजले की मी पुण्यातली चूक गावात येऊन पुन्हा केली. माकडाच्या जागी मी होतो एवढाच फरक. आणि टेम्पोत मी जे बोललो ते खोटे होते. केंद्राला आपण माझ्यामुळे हरलो. हे मला तोंडाने सांगायला जमत नव्हते, म्हणून भिंतीवर लिहिले.

मित्रांनो, शेवटचा गडी आपल्याला हरवायला उभा असतो हे खरे. पण आपण वाटेत कोणाला मागे ठेवले ते तोच दाखवतो. पालकांना वाटते खेळात वेळ जातो. मलाही कधी कधी तसे वाटते. पण हे मी त्यातच शिकलो.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर वस्तीवरच्या शाळेबरोबर आपला सामना आहे. पालकांनी जरूर थांबावे. पहिली चढाई मी करणार नाही. कोण करणार ते मी त्याला काल मधल्या सुट्टीत सांगितले आहे. तो आधी खोटेच समजला, मग पळत सुटला. चौथीतल्या सर्वांनी रोज सकाळी मैदानावर यावे. मी चुना घेऊन येतो.

काही चुकले असल्यास क्षमा असावी.

— इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक ११