बलून नव्हे, बॅलन!

गच्चीवरच्या टीव्ही डिशच्या तोंडाशी असलेल्या छोट्या डब्यात अखंड वजाबाकी चालते. उपग्रहाची 11.7 गिगाहर्ट्‌झची लहर आणि डब्यातच तयार केलेली 10.6 ची लहर मिक्सरमध्ये भेटली की 1.1 गिगाहर्ट्‌झ हाती येतात. ते साध्या केबलमधून निमूट घरात उतरतात.

मिक्सर म्हटलं तरी इथे घुसळण नाही, खरं तर गुणाकार आहे, आणि त्यातूनच ती वजाबाकी निघते. अडचण वेगळीच. घरची लहर दांडगी असते, पाहुणी अगदी क्षीण. दांडगी सगळीकडे पाझरते. म्हणून अनेक मोजमाप-यंत्रांतल्या मिक्सरमध्ये चार डायोडचं कडं असतं आणि दोन्ही लहरींना एकेक ‘बॅलन’. तो लहरीचे दोन समान भाग करतो, एक सुलटा, एक उलटा. मग गळती आपसांतच फिटते.

आता 180 अंशांनी उलटायचं कसं? एक वाट अर्ध्या लहरीने लांब ठेवा. 10 गिगाहर्ट्‌झला हवेमध्ये अर्धी लहर म्हणजे 15 मिलिमीटर. झकास! पण 12 वर तीच वाट 216 अंश देते आणि तोल गेलाच. रुंद पट्ट्यात ही युक्ती लंगडी पडते.

नेथन मार्चंड यांनी 1944 मध्ये सुचवलेल्या बॅलनमध्ये पाव लहरीच्या तारांच्या दोन जोड्या असतात. तिथे उलटेपणा लांबीतून नव्हे, रचनेच्या सममितीतून येतो, त्यामुळे वारंवारता सरकली तरी तो बराच टिकतो. मला त्यातलं हेच सर्वांत देखणं वाटतं. बाकी डायोड मात्र जुळ्या भावंडांसारखे निवडावे लागतात.