यंत्राला ‘का’ विचारण्याचा खर्च

3 जुलै 1988 रोजी होर्मुझच्या सामुद्रधुनीत अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेने इराण एअरचं 655 क्रमांकाचं प्रवासी विमान पाडलं. बंदर अब्बासहून दुबईला निघालेल्या त्या एअरबसमधले सगळे 290 जण गेले; त्यांत 66 मुलं होती. नौकेवर एजिस ही त्या काळातली सर्वांत प्रगत लढाऊ यंत्रणा होती आणि तिची नोंद बरोबर होती: विमान वर चढत होतं. तरीही नियंत्रण कक्षात ‘विमान खाली झेपावतंय’ असा पुकारा झाला आणि कप्तानाने तोच धरला. कक्षातल्या मोठ्या पडद्यांवर विमानाची उंची दिसतच नव्हती. ती एका छोट्या पडद्यावर नुसत्या आकड्यांत उमटायची. उंची वाढतेय की घटतेय हे समजायला आधीचा आकडा लक्षात ठेवून मनातल्या मनात वजाबाकी करावी लागे. विमानाच्या उड्डाणापासून ते पडेपर्यंत जेमतेम सात मिनिटं गेली होती.

लष्करी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आज जी चर्चा चालते, तिच्यातला कळीचा प्रश्न या वजाबाकीत आहे. यंत्राचं उत्तर बरोबर असून भागत नाही. ते कशावर उभं आहे हे वापरणाऱ्याला त्याच्या घाईत दिसलं पाहिजे. असं ‘दिसणं’ घडवायला कोणालातरी पैसा मोजावा लागतो. अमेरिकेत यातला काही पैसा छोट्या कंपन्यांकडे जातो, आणि तो कसा जातो यावर पुष्कळ काही ठरतं.

‘व्हिन्सेन्स’नंतर अमेरिकी नौदलाने ‘टॅडमस’ नावाचा संशोधन कार्यक्रम हाती घेतला: ताणाखाली निर्णय कसे घेतले जातात, याचा अभ्यास. त्यात ओहायोतल्या एका छोट्या कंपनीचा वाटा होता, मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांच्या ‘क्लाइन असोसिएट्स’चा. क्लाइन यांनी 1980च्या दशकात लष्कराच्या संशोधन संस्थेच्या पैशावर अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला होता. कसलेले अधिकारी आगीसमोर पर्यायांची तुलना करत बसत नाहीत, असं त्यांना आढळलं. समोरचं चित्र ओळखीचं वाटलं की सुचलेला पहिला मार्ग ते मनात चालवून पाहतात आणि जमण्यासारखा असेल तर कामाला लागतात. याचा अर्थ असा, की धोका चित्र चुकीचं ओळखण्यात असतो. मग मदतनीस यंत्राने काय करावं? टॅडमसमधून तयार झालेल्या प्रायोगिक प्रणालीत एक चौकट होती. संशयित विमानाबद्दलच्या अंदाजाला पुष्टी देणारा पुरावा एकीकडे, विरोधात जाणारा पुरावा दुसरीकडे, आणि तो अंदाज टिकवायचा तर काय काय गृहीत धरावं लागतं, ते तिसरीकडे. ती विरोधी पुराव्याची बाजू मला फार मोलाची वाटते. बंदर अब्बासहून निघालेल्या विमानाबाबत तिथे ‘उंची वाढते आहे’ हे तीन शब्द आले असते.

आता पैशाकडे वळू. रोनाल्ड रेगन यांनी 22 जुलै 1982 रोजी एका कायद्यावर सही केली आणि एसबीआयआर हा कार्यक्रम सगळ्या मोठ्या खात्यांना लागू झाला. त्याची मूळ कल्पना राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानातल्या रोलंड टिबेट्स यांची. ज्या खात्याचा बाहेरून करून घ्यायच्या संशोधनाचा खर्च वर्षाला 10 कोटी डॉलरच्या वर आहे, त्याने त्यातला ठरावीक हिस्सा (आता 3.2 टक्के) 500पेक्षा जास्त माणसं नसलेल्या कंपन्यांसाठी राखायचा. सरकार कंपनीत भागीदारी मागत नाही. कर्ज नसल्याने परतफेडही नाही. सर्वांत मोठा वाटा संरक्षण खात्याचा. पहिला टप्पा साधारण सहा महिन्यांचा आणि सुमारे तीन लाख डॉलरपर्यंतचा: कल्पना चालेल का, ते दाखवा. दुसरा साधारण दोन वर्षांचा, वीस लाखांच्या आसपास: नमुना बांधा. तिसऱ्या टप्प्यात मात्र या राखीव निधीतला एक डॉलरही मिळत नाही. तिथे लष्कराच्या एखाद्या विभागाने स्वतःच्या खरेदीच्या पैशातून ती वस्तू घ्यायची किंवा खासगी गुंतवणूकदार शोधायचा.

पैसा नेमका इथेच आटतो, आणि स्पष्टीकरण देणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हे फार महागात पडतं. स्पष्टीकरण चालतं की नाही हे प्रयोगशाळेत ठरत नाही.

2016मध्ये तीन संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लांडगा आणि हस्की कुत्रा ओळखणारं एक यंत्र त्यांनी मुद्दाम वाईट शिकवलं: लांडग्यांच्या सगळ्या फोटोंत मागे बर्फ, कुत्र्यांच्या फोटोंत बर्फ नाही. यंत्र प्राणी न बघता बर्फ बघायला शिकलं. या विषयातल्या 27 विद्यार्थ्यांना आधी नुसती उत्तरं दाखवली तेव्हा 10 जणांनी यंत्रावर विश्वास टाकला. मग यंत्राने फोटोतल्या कोणत्या भागावरून निर्णय घेतला ते दाखवलं. विश्वास ठेवणारे तीन उरले. स्पष्टीकरणाची ताकद ती हीच. पण 2018मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने उलटी बाजू दाखवली. यंत्राने कशाकडे पाहिलं ते रंगवून दाखवणाऱ्या काही लोकप्रिय पद्धती, यंत्राच्या आतलं सगळं शिक्षण पुसून यादृच्छिक आकडे भरले तरी जवळपास तेच चित्र काढत होत्या. म्हणजे चित्र पटण्यासारखं होतं आणि त्याचा यंत्राच्या निर्णयाशी संबंध नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेचे आजचे भाषिक मदतनीसही विचारलं की अस्खलित कारण देतात. त्यांच्या निर्णयामागचं खरं कारण तेच असतं, याची खात्री नसते. एखाद्या रडारवरच्या तरुण अधिकाऱ्याला असं कारण मिळालं, तर ते नसण्याहून वाईट.

अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने 2017 ते 2021 या काळात डेव्हिड गनिंग यांच्या आखणीतून स्पष्टीकरणक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेचा मोठा कार्यक्रम राबवला. विद्यापीठांबरोबर केंब्रिजची ‘चार्ल्स रिव्हर अ‍ॅनालिटिक्स’ही त्यात होती, आणि गॅरी क्लाइनही होते, स्पष्टीकरणाचं मानसशास्त्र मांडणाऱ्या गटात. लोकांना कारणासह उत्तर देणारं यंत्र आवडतं, हे त्यातून पुढे आलं. पण आवडणं आणि निर्णय सुधारणं या दोन गोष्टी आहेत. दुसरी मोजायची तर खरे सैनिक, खरा ताण आणि मुद्दाम चुकवलेलं यंत्र हवं. एसबीआयआरच्या सहा महिन्यांच्या करारात छोटी कंपनी ते कुठून आणणार? ती अहवाल देते, कारण करारात अहवालच मागितलेला असतो.

रचनेने फरक पडतो, याला पुरावा आहे. अमेरिकी हवाई दलाने 2018पासून आपल्या एसबीआयआर निधीसाठी ‘आम्हाला अमुक यंत्र हवं’ असं सांगण्याऐवजी ‘तुमच्याकडे काय आहे ते दाखवा’ अशी खुली स्पर्धा सुरू केली. अर्थतज्ज्ञ सॅब्रिना हॉवेल आणि सहकाऱ्यांनी दोन्ही पद्धती तपासल्या. खुल्या स्पर्धेतल्या विजेत्यांना पुढे खासगी गुंतवणूक आणि लष्कराची इतर कामं मिळण्याची शक्यता वाढली. जुन्या पद्धतीच्या विजेत्यांना मुख्यतः पुन्हा तेच अनुदान मिळत राहिलं. वर्षानुवर्षं अनुदानावरच चालणाऱ्या कंपन्यांना मर्यादा घालावी का, यावर सिनेटमध्ये खडाजंगी झाली आणि 30 सप्टेंबर 2025 रोजी एसबीआयआर कार्यक्रमाची मुदत नूतनीकरणाशिवाय संपली. ज्या कंपनीचे सात-आठ अभियंते पुढच्या हप्त्यावर अवलंबून असतात, तिला असा खंड सोसत नाही.

आपल्याकडे एप्रिल 2018मध्ये ‘आयडेक्स’ सुरू झालं. सैन्यदलं अडचण मांडतात, नवउद्योग उत्तर देतात. दीड कोटी रुपयांपर्यंतचं अनुदान मिळतं, ‘प्राइम’मध्ये 10 कोटींपर्यंत आणि मार्च 2024मध्ये आलेल्या ‘अदिती’त 25 कोटींपर्यंत. निम्मा खर्च कंपनीने उचलायचा आणि हप्ते कामाच्या टप्प्यांनुसार. ‘सागर डिफेन्स’ ही महाराष्ट्रातली कंपनी याच वाटेने वाढली. तिची ‘मातंगी’ ही स्वयंचलित बोट 2024 अखेर मुंबईहून तुतिकोरिनच्या प्रवासाला निघाली. त्याच वर्षी 17 ऑक्टोबरला तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी संरक्षणातल्या विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मूल्यमापनाची चौकट जाहीर केली. पारदर्शकता हे तिच्या पाच तत्त्वांपैकी एक.

तत्त्व आहे आणि टप्प्यांनुसार हप्तेही आहेत. या दोहोंची सांगड घालायला नवा कायदा लागत नाही. निर्णयाला साहाय्य करणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात एक हप्ता असा ठेवावा, की जो अहवालावर मिळणार नाही. यंत्र मुद्दाम चुकवून ते त्या दलाच्या जवानांपुढे ठेवायचं आणि स्पष्टीकरण वाचून किती जणांनी यंत्राला नकार दिला ते मोजायचं. जवान, सरावाची जागा आणि वेळ दलाने द्यावा, आणि या टप्प्याचा पूर्ण खर्च सरकारने करावा; कंपनीच्या निम्म्या वाट्यात तो धरू नये. चाचणीत यंत्र नापास झालं तरी कंपनीला त्या हप्त्याचे पैसे मिळावेत, म्हणजे निकाल लपवण्याचं तिला कारण उरणार नाही.