आठ अक्षरांपाशी थबकणारं यंत्र

संपादकांनी सांगितलं होतं, बीआरसीए जनुकांवर लिहा. वाचायला बसलो आणि अडकलो ते आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूपाशी. डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटले की पेशी दुसऱ्या शाबूत प्रतीवरून हरवलेला मजकूर उतरवून घेते. माणसात या कामाची मांडामांड बीआरसीए-२ करतं; ई. कोलायमध्ये ती रेकबीसीडी हे तीन प्रथिनांचं यंत्र करतं.

इतिहास थोडक्यात उरकतो. १९६५ साली बर्कलीत क्लार्क आणि मार्ग्युलीस यांना डीएनएची अशी सांधेजोड न जमणारे जिवाणू सापडले. रेकए या प्रथिनाचं नाव तिथलं, बाकीची भावंडं मागाहून आली.

रेकबीसीडी तुटक्या टोकावर चढतं. रेकबी आणि रेकडी ही दोन इंजिनं एकेक धागा धरून धावतात आणि सेकंदाला अक्षरांच्या हजारेक जोड्या उलगडतात. उलगडता उलगडता यंत्र धागे कापतही सुटतं! गवंडी दुरुस्तीला यावा आणि त्यानं आधी धडाधड भिंतच पाडावी, तसं.

त्याला आवरतं ते रेकसी. माझा जीव याच्यावर जडला. २००४ साली डेल विग्ली यांच्या गटानं यंत्राची रचना मांडली, तेव्हा दिसलं की रेकसीची घडण इंजिनाचीच आहे, पण चालण्याची ताकद उत्क्रांतीत कधीच गेलेली. आता ते फक्त वाचतं. एक धागा त्याच्या बोगद्यातून सरकतो आणि ‘काय’ ही खूण, म्हणजे जीसीटीजीजीटीजीजी ही आठ अक्षरं आली की यंत्र काही सेकंद थबकतं. पुन्हा निघतं ते निम्म्या वेगानं, आणि आता खुणेचा धागा राखून. त्या धाग्यावर रेकबी एकामागून एक रेकए चढवतं. रेकएनं मढलेला धागा मग जुळणारी प्रत शोधायला निघतो. ई. कोलायच्या डीएनएत अशा खुणा हजाराच्या घरात आहेत, योगायोगानं पडल्या असत्या त्याहून कितीतरी जास्त. घुसखोर विषाणूच्या डीएनएत बहुधा त्या नसतात, म्हणून त्याचा फडशा पडतो.

कॅलिफोर्नियात डेव्हिसला कोवाल्चिकोव्स्की यांच्या प्रयोगशाळेनं हे एकेका रेणूवर पाहिलं. लेसरच्या चिमट्यात मणी, मण्याला रंगवलेला चमकता डीएनए. यंत्र पुढे सरकेल तसा तो आखूड होत जातो. २०१३ साली त्यांनी दाखवलं की प्रत्येक रेणूची चाल वेगळी असते आणि तो ती सोडत नाही. थोडा वेळ इंधन तोडून पुन्हा दिलं, तर मात्र काही रेणू नव्याच वेगानं निघतात. एकाच साच्यातल्या प्रथिनांनी असं वागावं याची मला गंमत वाटते.

पण हे यंत्र बिनचूक नाही. वाटेतल्या बऱ्याच खुणा न वाचता ते पुढे निघून जातं. लॅम्डा विषाणूचं गॅम प्रथिन तर डीएनएचं सोंग घेऊन त्याची वाटच अडवतं. आपल्याला घोर निराळा. फ्लुरोक्विनोलोन गटातली औषधं जिवाणूचा डीएनए तोडूनच त्याला मारतात, आणि रेकबीसीडी ती मोडतोड सांधतं. शिवाय धाग्यावर चढलेलं रेकए धोक्याची घंटा वाजवतं. मग डीएनए उतरवताना चुका करणारी पॉलिमरेझ प्रथिनं कामाला लागतात, आणि त्या चुकांतून औषधाला न जुमानणारे जिवाणू निपजू शकतात.

मग हे यंत्रच बंद पाडावं? औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर याच गटातली लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन वापरतात, म्हणून प्रश्न आपल्या दारातला. पण क्षयाच्या जंतूच्या कुळात कामांची वाटणीच निराळी. तिथं प्रतीवरून दुरुस्तीसाठी टोकं तयार करतं अ‍ॅडएनएबी हे दुसरं यंत्र. रेकबीसीडी फक्त सारख्या मजकुराचे तुकडे एकमेकांना चिकटवतं. दोन्ही अडवली तरी ‘कू’ आणि ‘लिगडी’ ही प्रथिनं तुटकी टोकं प्रतीशिवायच जोडून टाकतात, मग दोनचार अक्षरं गळाली तरी बेहत्तर.